घटातील माती आणि अमृतवाहिनीचे पाणी

आश्विन शुद्ध प्रतिपदेस महाराष्ट्रातील घराघरांतून घट बसतात. परडीत किंवा पत्रावळीवर शेतातील माती पसरावयाची, तीत गहू, ज्वारी यांसारखे धान्य पेरावयाचे, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवावयाचा, त्याच्या मुखावर विड्याची पाने व नारळ, वर दररोज एकेक वाढत जाणारी फुलांची माळ आणि शेजारी अखंड तेवणारा नंदादीप. हा विधी आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काय मांडले आहे याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. परडीतील माती ही पृथ्वी, घटातील पाणी हे आप, नंदादीप हे तेज, देवघरात खेळणारा वारा हा वायू आणि घटाच्या पोटातील पोकळी हे आकाश. ही पाचही महाभूते जड होत. त्यांच्या सान्निध्यात ठेवलेले कोरडे, निश्चल बी तीन-चार दिवसांत डोळे उघडते आणि नवव्या दिवसापर्यंत हिरवा-पिवळा अंकुर वीतभर उंच होतो. जडाचा आणि चेतनाचा व्यवहार कसा चालतो, हे दाखविणारी याहून सुटसुटीत मांडणी क्वचितच आढळेल.

या व्यवहारास विज्ञानाने ‘परिसंस्था’ असे नाव दिले आहे. आर्थर टान्सली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली ही कल्पना शब्दबद्ध केली. वनस्पती व प्राणी यांचा विचार खडक, माती, पाणी, ऊन आणि हवा यांच्यापासून तोडून करता येणार नाही; ही सर्व मिळून एकच व्यवस्था बनते, असे त्याचे प्रतिपादन होते. आपल्या पूर्वजांना हे सारे शास्त्र ठाऊक होते असा दावा आम्ही करीत नाही, आणि तसा दावा करण्याची श्रद्धेला आवश्यकताही नाही. परंतु ‘चराचर’ या एका शब्दात चर आणि अचर यांना एकत्र बांधणाऱ्या समाजाने ती गाठ व्यवहारात सोडून द्यावी, ही आजच्या काळातील चिंतेची बाब होय. ती गाठ कोठे व कशी सैल होत आहे हे पाहावयाचे असल्यास भंडारदऱ्याच्या परिसराकडे पाहावे.

कळसूबाईच्या पायथ्याशी

पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्याला लागून भंडारदरा वसले आहे. जवळच १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच. दुसऱ्या बाजूस रतनगड आणि त्याच्या पायथ्याशी रतनवाडीचे अमृतेश्वराचे पुरातन शिवालय. रतनगडाच्या अंगावरून उगम पावणारी प्रवरा ही भाविकांची ‘अमृतवाहिनी’. समुद्रमंथनातून निघालेल्या अमृताच्या वाटपाची कथा या डोंगराशी जोडलेली आहे. पुढे हीच नदी अकोल्यास अगस्ती ऋषींच्या आश्रमाजवळून जाते, संगमनेर ओलांडते आणि नेवाशाच्या पुढे टोक्याजवळ गोदावरीस मिळते. याच प्रवरेच्या काठी नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गोदावरीचे पाणी तेथून नाथांच्या पैठणास जाते. एका नदीने किती तीर्थे ओवली आहेत, हे या वाटेवरून ध्यानात यावे.

याच नदीवर ब्रिटिश राजवटीत १९१० साली धरणाचे बांधकाम सुरू झाले आणि १९२६ साली ते पूर्ण झाले. विल्सन धरण या नावाने ते ओळखले गेले. त्याच्या जलाशयात सुमारे ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. या पाण्यावर प्रवरा खोऱ्यातील ऊस उभा राहिला, लोणीस विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना निघाला आणि कोरड्या जिल्ह्याच्या एका भागाचे रूप पालटले. धरणाच्या खालच्या अंगास बांधलेल्या निळवंडे प्रकल्पाची कल्पना १९७० पासूनची. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. या डोंगरांतील पाण्याची वाट पाहात किती गावांच्या दोन पिढ्या गेल्या, याचा अंदाज या दोन सालांमधील अंतरावरून येतो.

कातळापासून काजव्यापर्यंत

हा सारा डोंगर काळ्या कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लोटलेल्या लाव्ह्याचे थर निवून तो घडला. अशा उघड्या दगडावर जीवसृष्टी कशी वसली? आपल्या गृहिणी गोड्या मसाल्यात जे दगडफूल घालतात, त्याच्या जातकुळीतील वनस्पती या कामी पहिल्याने पुढे येतात. दगडफूल हे बुरशी आणि शेवाळ यांचे एकत्र कुटुंब होय. शेवाळ उन्हावर अन्न तयार करते, बुरशी ओल धरते व आसरा देते. आणि त्यांच्या अंगातून पाझरणारी सौम्य आम्ले कातळाचा कणन् कण सैल करतात. त्या भुग्यात शेवाळे रुजते, शेवाळ्याच्या गादीवर गवत येते, गवताच्या मुळांशी पालापाचोळा कुजतो आणि शेकडो वर्षांनी बोटभर माती तयार होते. म्हणजे माती ही केवळ दगडाचे चूर्ण नव्हे. जिवंत आणि निर्जीव यांनी मिळून तिला घडविलेले असते. घटाच्या परडीत आपण जी मूठभर माती पसरतो, तिच्यामागे एवढी दीर्घ तपश्चर्या उभी असते.

आता या मातीतून पुढे काय होते ते पाहावे. भंडारदरा परिसरात रोहिणी-मृगाच्या सुमारास, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीपासून जूनपर्यंत, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा वृक्षांवर काजव्यांचे थवे लखलखतात. हा दीपोत्सव दोन-तीन आठवड्यांचा. परंतु त्याची तयारी वर्षभर जमिनीत चाललेली असते. काजव्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग अळीच्या रूपाने ओलसर पाचोळ्यात आणि मातीत जातो. ही अळी गोगलगाई आणि गांडुळांसारखे मऊ जीव खाऊन वाढते. गोगलगाईस कवच बांधावयास चुना लागतो. तो तिला मातीतून व पाचोळ्यातून मिळतो आणि मातीत तो कातळातून उतरलेला असतो. अळी वाढून काजवा झाला म्हणजे त्याच्या शरीरातील एक द्रव्य हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि जवळजवळ उष्णता नसलेला तो शीतल प्रकाश प्रकट होतो. दगडातील चुना, पावसाळ्याआधीची ओल, कुजणारे पान, हवेतील प्राणवायू आणि एक लहानसा किडा एवढ्यांनी मिळून एक ठिणगी पेटते. यातील एक दुवा जरी तुटला तरी झाड अंधारात राहावयाचे.

हा प्रकाश निसर्गाने शोभेसाठी निर्माण केलेला नाही. ती नराने मादीस घातलेली साद असते, आणि मादी बहुधा खाली गवतावर वा झुडपावर बसून तिला उत्तर देते. या संवादास पूर्ण काळोख लागतो. गेल्या काही वर्षांत शनिवार-रविवारी शहरांतून मोटारींच्या रांगा या भागात लोटू लागल्या. मोटारीचा झगझगीत दिवा आणि हातातील विजेरी यांच्या उजेडात काजव्याची साद हरवते. पायांखाली आणि चाकांखाली गवतातील माद्या चिरडल्या जातात. ज्या ओल्या मातीत त्यांनी अंडी घालावयाची, ती तुडवून घट्ट होते. म्हणूनच वनखात्याने रात्रीच्या प्रवेशावर व वाहनांवर निर्बंध घालण्यास सुरुवात केली आहे. या निर्बंधांचे आम्ही स्वागत करतो. मात्र तंबू, जेवण आणि वाटाड्याचे काम यांतून येथील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांना चार पैसे मिळू लागले आहेत, हेही विसरून चालणार नाही. ज्यांच्या पूर्वजांनी हे वृक्ष राखले त्यांचीच चूल नियमांनी विझावी, हा न्याय नव्हे. माणसांची संख्या मर्यादित ठेवावी, वाहने गावाबाहेर थांबवावीत आणि वाट दाखविण्याचा अधिकार गावकऱ्यांकडे राहावा. असे केल्यास काजवा आणि गाव दोघेही तगतील.

पाण्याचा हिशेब, मातीचा विसर

नवरात्राच्या सुमारास, किंवा त्याच्या मागेपुढे, दुसराही एक हिशेब मांडला जातो. १५ ऑक्टोबर रोजी पैठणच्या जायकवाडी जलाशयात किती पाणी आहे, यावर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावयाचे किंवा नाही हे ठरू लागले. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व मान्य झाले आणि २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीने त्याचे सूत्र घातले. जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्यांनी वाटा द्यावा, असा त्याचा आशय. २०२३ साली पाऊस अपुरा झाला तेव्हा ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यांतील ३.३६ टीएमसी भंडारदरा-निळवंडे यांच्या प्रवरा समूहाकडून द्यावयाचे होते. त्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात किती कटुता माजली हे वाचकांस स्मरत असेलच. पाऊस उदार झाला की वाद शमतो आणि तो रुसला की वाद पुन्हा डोके वर काढतो.

नेवासे आणि पैठण यांना एकाच भक्तिपरंपरेत पाहणाऱ्या समाजाने पाण्यासाठी एकमेकांकडे शत्रुभावाने पाहावे, याचे दुःख तर आहेच. तहानेल्यास पाणी देणे हा धर्म, आणि शेतात उभे पीक वाळू न देणे हाही धर्म. तेव्हा वाटपाचा निवाडा कायद्याने व सामंजस्याने व्हावा हेच इष्ट. परंतु या साऱ्या वादात एक प्रश्न कोणीच विचारीत नाही, आणि आमच्या मते तोच मुळाचा आहे. घटातील पाणी कोणी किती घ्यावे यावर आपण भांडतो. घट भरतो कसा आणि त्यातील पाणी टिकते कसे, याकडे मात्र आपले दुर्लक्ष होते.

घाटघर-रतनवाडीच्या माथ्यावर कित्येक वर्षी पाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस कोसळतो. पूर्वेस नेवाशाकडे गेल्यास तो पाचशे-सहाशे मिलिमीटरांवर येतो. असे असूनही ज्यांच्या अंगणात हा दसपट पाऊस पडतो, त्याच डोंगरवाड्यांतील स्त्रियांना चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी दऱ्या उतराव्या लागतात. याचे कारण जड-चेतनाच्या नात्यातच दडलेले आहे. डोंगर ढग अडवितो आणि पाऊस पाडतो. परंतु पडलेला पाऊस धरून ठेवणे एकट्या डोंगरास साधत नाही, कारण हा कातळ घट्ट असून पाणी फक्त त्याच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून मुरते. झाडाची पाने थेंबाचा मार झेलतात, पाचोळा त्यास थबकवितो, मुळांनी आणि गांडुळांनी केलेल्या वाटांनी पाणी मातीत उतरते आणि मग भेगांत शिरून पुढील महिन्यांत झऱ्यांच्या रूपाने हळूहळू बाहेर येते. उतारावरची कारवी हेच काम करते. सात वर्षांनी एकदा फुलणारी ही झुडपे दाट मुळांनी डोंगराची पातळ माती जखडून ठेवतात, आणि फुलल्यावर मधमाश्यांना मेजवानी देऊन बी मागे ठेवून मरतात.

ही हिरवी चादर फाटली की तोच पाऊस वैरी होतो. मातीवर थेट मार बसतो, ती पाण्याबरोबर ओढ्यात उतरते आणि जलाशयाच्या तळाशी गाळ होऊन बसते. वर झरे आटतात आणि खाली धरणाचे पोट भरून येते. जी माती डोंगरावर असताना पाणी साठविते, तीच जलाशयात गेल्यावर पाण्याची जागा अडविते. पाण्याचा हिशेब टीएमसीत दरवर्षी छापून येतो, परंतु डोंगरावरून किती माती उतरली याचा ताळेबंद वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कधी पाहिल्याचे आम्हांस आठवत नाही.

शासनव्यवस्थेतही हीच फूट दिसते. पाणी जलसंपदा खात्याकडे, वृक्ष व प्राणी वनखात्याकडे, पर्यटन तिसऱ्याकडे आणि शेती चौथ्याकडे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली आणि कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली अहवाल दिले. त्यानंतर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे एकामागून एक निघत राहिले. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा होता. गावकऱ्यांस भीती वाटते, की संवेदनशील क्षेत्र म्हणजे आपल्या घरावर आणि शेतावर आलेली बंदी. ही भीती दूर करण्याचे काम गावोगाव जाऊन, त्यांच्या बोलीत, कोणी पुरेसे केले नाही. परिणामी जंगलाचे रक्षण आणि माणसाचे पोट या दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत असा समज दृढ झाला. वास्तविक हिरड्याची बाळफळे वेचून ज्याचा उन्हाळा निभावतो, त्या कुटुंबाइतका हिरड्याच्या झाडाचा हितचिंतक दुसरा कोण असणार?

कळसूबाईचा करार

कळसूबाईची जी कथा पायथ्याच्या गावांत सांगतात, ती या संदर्भात फार बोलकी आहे. कळसू ही कोळी समाजातील मुलगी. इंदोरे गावी एका घरी ती कामास राहिली ती एका अटीवर : भांडी घासणे आणि केर काढणे ही कामे मी करणार नाही. एके दिवशी घरातील कोणी तिला नेमकी तीच कामे सांगितली. तिने ती निमूटपणे केली, आणि त्यानंतर ती डोंगर चढून गेली ती पुन्हा खाली उतरली नाही. त्याच शिखरावर आज तिचे देऊळ आहे आणि नवरात्रात तेथे यात्रा भरते.

ज्या देवीने दुसऱ्याचे खरकटे काढण्याच्या कामावरून घर सोडले, तिच्याच शिखरावर आपण पाण्याच्या बाटल्या, खाऊच्या पिशव्या आणि प्रसादाची वेष्टने टाकून यावे, याला काय म्हणावे? पाचोळ्याचे सोने करणारी बुरशी आणि वाळवी प्लॅस्टिकला हात लावू शकत नाहीत. डोंगराच्या जिवंत व्यवस्थेत पडलेले प्रत्येक पान परत मातीच्या खात्यात जमा होते. हा कचरा मात्र कोणाच्याच खात्यात जमा होत नाही आणि पावसाबरोबर ओढ्यातून प्रवरेत उतरतो. देवीशी झालेला करार दुसऱ्यांदा मोडण्याचे पातक आपण पत्करीत आहो, याची जाणीव प्रत्येक यात्रेकरूस असावी.

बीजाची आठवण

या तालुक्याने आशेचे एक उदाहरणही घालून दिले आहे. अकोले तालुक्यातीलच कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावरान बियाण्यांचा संग्रह उभा केला. भात, वाल, भाज्या यांची जुनी वाणे त्यांनी मडक्यांत, राखेत जपली, वाटली आणि पुन्हा शेतांत उभी केली. ‘बीजमाता’ म्हणून त्यांची ख्याती झाली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला. त्यांच्या कामाचे मर्म आम्हांस असे दिसते : गावरान बी हे त्या मातीशी, त्या पावसाशी आणि त्या उन्हाशी पिढ्यान्‌पिढ्या जमवून घेतलेले असते. मोठ्या पावसाच्या डोंगरातील भाताचे वाण आणि नेवाशाकडची ज्वारी ही आपापल्या भूमीची लेकरे होत. बी हरवले तर केवळ एक धान्य जात नाही. भूमी आणि जीव यांच्यात झालेला एक जुना समझोता पुसला जातो.

घटस्थापनेचा विधी हा शेतकऱ्याच्या दृष्टीने बियाण्याची परीक्षाही आहे, असे जाणती मंडळी सांगतात. कोणते बी चांगले उगवते, हे परडीत कळे. आज त्या परडीत पडणारे धान्य बहुधा वाण्याच्या दुकानातून येते आणि माती कोठून येते हे आपण विचारीत नाही. या वर्षी एवढे तरी करावे : शक्य असेल तेथे गावाकडचे गावरान धान्य मागवून पेरावे आणि मुलांना जवळ बसवून अंकुर दाखवावेत. देवघरातील सावलीत ते पिवळट का राहतात, हे मुले विचारतील. बियांत साठविलेल्या शिदोरीवर ते वाढले, हिरवे होण्यास सूर्याचे ऊन लागते, असे त्यांना सांगावे. पुस्तकातील दहा पानांपेक्षा त्यांच्या मनावर हे अधिक ठसेल.

कळसूबाईस किंवा अमृतेश्वरास जाणाऱ्यांनी जे वर नेले ते खाली आणावे. उन्हाळ्यात काजवे पाहावयास जाणाऱ्यांनी काळोखाचा मान राखावा. प्रवरेच्या कालव्याचे पाणी ज्यांच्या उसास मिळते, त्या साखर कारखान्यांनी आणि पाणीवापर संस्थांनी उगमाकडील डोंगरांवर झाडे व चर यांसाठी आपल्या उत्पन्नातील वाटा काढावा, आणि ते काम डोंगरातील गावांच्या ग्रामसभांच्या हाती द्यावे. खालच्याने वरच्याचे ऋण फेडण्याची ही रीत रूढ झाली, तर वरच्याने खालच्यास पाणी देतानाची कटुताही काही अंशी ओसरेल. शासनाने पाण्याच्या वार्षिक हिशेबाबरोबर गाळाचा आणि झऱ्यांचा हिशेबही लोकांपुढे ठेवावा.

दसऱ्यास घट हलतील, अंकुर देवीच्या चरणी वाहिले जातील, कोणी ते टोपीत खोवतील, कोणी वडीलधाऱ्यांच्या हाती देऊन नमस्कार करतील. परडीतील माती आणि घटातील पाणी नळाखाली किंवा नदीत लोटून न देता तुळशीच्या वा अंगणातील झाडाच्या बुंध्याशी घालावे, म्हणजे जे मातीचे ते मातीस पोहोचेल. जगदंबा सर्व वाचकांचे आणि ज्या डोंगरातून आपणां सर्वांचे पाणी येते त्या डोंगराचे रक्षण करो, हीच प्रार्थना.